एमपीएससीची जुनी पुस्तकं: कुठली ठेवायची, कुठली काढायची

आमच्या अभ्यासिकेत पोस्ट निघालेली मुलं जाताना पुस्तकं ठेवून जातात. मीही इथूनच नोकरीला लागले, आणि आता सुट्टीच्या दिवशी येऊन त्या पुस्तकांचं कपाट लावते. नव्यानं आलेली मुलं कपाटातलं एखादं पुस्तक काढतात, पहिलं पान उघडतात आणि विचारतात, "ताई, हे २०१६चं आहे. चालेल का?" नुसतं साल ऐकून मी कधीच उत्तर देत नाही. राज्यघटना, अर्थव्यवस्था, भूगोल, विज्ञान हे सगळं एकाच जाडजूड गाइडमध्ये बांधलेलं असतं, आणि त्यातलं प्रत्येक प्रकरण आपापल्या वेगानं जुनं होतं. त्यामुळे निकाल पुस्तकाचा नाही, प्रकरणाचा लावायचा. ते कसं करायचं तेच इथे लिहिते आहे. राज्यसेवा आणि संयुक्त परीक्षा करणाऱ्यांना याचा जास्त उपयोग होईल.

बसण्याआधी तीन गोष्टी जवळ घ्या. आयोगाच्या संकेतस्थळावरचा तुमच्या परीक्षेचा चालू अभ्यासक्रम, गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यांच्या उत्तरतालिकांसह, आणि पेन्सिल. उत्तरतालिका अंतिमच घ्या. पहिल्या तालिकेवर हरकती येतात, उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात, आणि बाजारातल्या कितीतरी प्रश्नसंचांत पहिल्याच तालिकेतली उत्तरं छापून मोकळे झालेले असतात.

‘सुधारित आवृत्ती’ खरंच सुधारलेली आहे का?

मुखपृष्ठ उलटलं की छपाईच्या तपशिलाचं पान येतं. तिथे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक बघा. ‘पहिली आवृत्ती २०११, पुनर्मुद्रण २०१३, २०१५, २०१९’ असं असेल, तर तुमच्या हातातलं पुस्तक २०११चंच आहे. आत एक ओळही बदललेली नसते. ‘सुधारित’ लिहिलं असेल तरी त्यावर विसंबू नका. बऱ्याचदा शेवटी चालू घडामोडींचं एक परिशिष्ट जोडलेलं असतं आणि आतली पानं तशीच असतात.

खरं वय आतल्या काही ठरावीक पानांवर कळतं. मी पहिल्यांदा राज्यांची संख्या बघते. २ जून २०१४ला तेलंगणा झालं आणि राज्यं २९ झाली. ३१ ऑक्टोबर २०१९ला जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले आणि राज्यं पुन्हा २८वर आली. म्हणजे २०१२च्या पुस्तकातला २८ हा आकडा आजच्या आकड्याशी जुळतो, पण त्या २८मध्ये तेलंगणा नाही आणि जम्मू-काश्मीर आहे! म्हणून आकडा नको, यादी बघा. केंद्रशासित प्रदेशांवर नजर टाकली तरी भागतं: तेव्हा ७, मग थोडे दिवस ९, आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव एकत्र झाल्यावर, म्हणजे २६ जानेवारी २०२०पासून, ८.

दुसरी खूण लोकसभेची कमाल सदस्यसंख्या. ५५२ छापलं असेल तर पान २०२०च्या आधीचं. त्यात राष्ट्रपतींनी नेमायचे दोन अँग्लो-इंडियन सदस्य धरलेले असतात. १०४व्या घटनादुरुस्तीनं ती तरतूद पुढे वाढवली नाही, त्यामुळे आता ५५०. आपल्या विधानसभेचंही तसंच. २८८ निवडून आलेले आणि एक नियुक्त असे २८९ दिले असतील, तर तिथे काट मारून २८८ करा.

तिसरी खूण फार कमी जण बघतात, ती जनगणनेची. २०११च्या जनगणनेचे आधी तात्पुरते आकडे आले आणि नंतर अंतिम. देशाचं लिंग गुणोत्तर आधी ९४० होतं, अंतिम ९४३ झालं. साक्षरता ७४.०४ टक्क्यांवरून ७२.९९वर आली. महाराष्ट्राचं लिंग गुणोत्तर ९२५चं ९२९ झालं. २०११-१२च्या कितीतरी पुस्तकांत तात्पुरते आकडे आहेत, आणि पुढच्या पुनर्मुद्रणांतही ते तसेच वाहत आले. दोन्ही आकडे पर्यायांत एकाखाली एक दिले की मुलं गोंधळतात. म्हणून हे पान मी प्रत्येक पुस्तकात उघडते.

जुनं पुस्तक बरोबर आणि त्याहून नवं चूक, असंही होतं

राज्यघटनेच्या पुस्तकांबाबत मुलांचा समज असतो की जितकं नवं तितकं बरं. न्यायाधीशांच्या नेमणुकीचं प्रकरण उघडून बघा. २०१३च्या पुस्तकात न्यायवृंद पद्धत, म्हणजे कॉलेजियम दिलेलं आहे. ९९वी घटनादुरुस्ती १३ एप्रिल २०१५ला लागू झाली आणि राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आला. त्या उन्हाळ्यात छापलेल्या पुस्तकांनी तो आयोग चालू व्यवस्था म्हणून दिला. १६ ऑक्टोबर २०१५ला सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्तीच रद्द केली. आज त्या पानापुरतं २०१३चं पुस्तक बरोबर आहे आणि २०१५चं चूक.

सहकाराचंही तसंच काहीसं आहे. ९७वी घटनादुरुस्ती बहुतेक पुस्तकांत तपशिलानं असते. पण २०२१च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिचा भाग ९-ब राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता रद्द ठरवला. बहुराज्य संस्थांना तो लागू राहिला. महाराष्ट्राच्या परीक्षेत सहकार हा नेहमीचा विषय, त्यामुळे हे समासात लिहून ठेवाच.

एवढं सांगूनही माझं मत असं आहे की राज्यघटनेचं चांगलं जुनं पुस्तक टाकू नये. मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं, संसदेची कार्यपद्धती, ४२वी, ४४वी, ७३वी, ७४वी दुरुस्ती यांचं विवेचन जुन्या पुस्तकांत कधीकधी जास्त सविस्तर आणि शांतपणे केलेलं सापडतं. अशा पुस्तकाला शेवटी एक कोरा कागद चिकटवा आणि त्यावर १०१व्या दुरुस्तीपासून पुढचं लिहा: १०१वी जीएसटीची, १०२वी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणारी, १०३वी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या १० टक्के आरक्षणाची, १०४वी वर सांगितली ती, १०५वी मागासवर्गांची यादी करण्याचा राज्यांचा अधिकार स्पष्ट करणारी, १०६वी महिला आरक्षणाची. मग त्या-त्या कलमाच्या पानावर जाऊन समासात दुरुस्तीचा क्रमांक टाका. कलम ३३१ आणि ३३३ला १०४, ३३८-बला १०२, ३४२-अला १०२ आणि १०५. हे काम करताना जी उजळणी होते ती नव्या पुस्तकानं होत नाही.

अर्थव्यवस्था: इथे हात सैल ठेवू नका

सगळ्यांत लवकर शिळा होणारा विषय हाच. जुन्या गाइडमधलं करांचं प्रकरण वाचूच नका. विक्रीकर, व्हॅट, जकात, केंद्रीय उत्पादन शुल्क यांची मांडणी १ जुलै २०१७पासून बदलली. जीएसटी ‘प्रस्तावित’ असं लिहिलेलं दिसलं, तर ती पानं सरळ स्टेपल करून बंद करा. पण २०२३चं पुस्तकही इथे सुरक्षित नाही. त्यात ५, १२, १८ आणि २८ टक्के असे चार दर असतील. २२ सप्टेंबर २०२५पासून १२ आणि २८चे टप्पे गेले. आता मुख्य दर ५ आणि १८, आणि ठरावीक वस्तूंवर ४०.

अर्थसंकल्पाच्या प्रकरणात योजना खर्च आणि योजनेतर खर्च अशी विभागणी दिसली, वेगळा रेल्वे अर्थसंकल्प दिसला किंवा फेब्रुवारीचा शेवटचा दिवस दिसला, तर ते २०१७च्या आधीचं. नियोजन आयोग चालू संस्था म्हणून दाखवला असेल, तर १ जानेवारी २०१५च्या आधीचं. चलनविषयक धोरण एकटे गव्हर्नर ठरवतात असं असेल, तर २०१६च्या आधीचं. आता सहा सदस्यांची समिती आहे, आणि महागाईचं लक्ष्य ४ टक्के, दोन्हीकडे २ टक्क्यांची मुभा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची व्याख्या तर दोनदा बदलली. १ जुलै २०२०ला गुंतवणूक आणि उलाढाल असे दोन निकष एकत्र आले, आणि १ एप्रिल २०२५पासून मर्यादा आणखी वाढल्या. आता सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. जुन्या पुस्तकात २५ लाख दिसलं तर घाबरू नका, तो २००६च्या कायद्यातला आकडा आहे.

मग अर्थव्यवस्थेच्या जुन्या पुस्तकात राहतं काय? संकल्पना राहतात. महागाईचे प्रकार, तूट म्हणजे काय, रेपो म्हणजे काय, व्यवहारतोल कसा मांडतात, हे सगळं. रेपोची व्याख्या जुन्या पुस्तकातून घ्या, पण तिथला दर मात्र घेऊ नका. पंचवार्षिक योजनांचा इतिहासही चालतो. उलट १९५१ ते २०१७ हा काळ आता बंद झालेला असल्यानं तिथे नवं काही येणार नाही. फक्त बारावी योजना पुस्तकात अर्धवट सोडलेली आहे का, तेवढं बघा.

कायद्याची पुस्तकं

ज्यांच्या अभ्यासक्रमात फौजदारी कायदे आहेत, मग ती न्यायदंडाधिकाऱ्यांची परीक्षा असो की खात्यांतर्गत परीक्षा, त्यांनी जुनं पुस्तक मुख्य पुस्तक म्हणून अजिबात ठेवू नये. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. प्रश्न फक्त नावांचा असता तर भागलं असतं. पण कलमांचे क्रमांक डोक्यात बसतात, आणि एकदा बसले की निघत नाहीत. खुनाच्या शिक्षेसाठी ३०२ आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. न्याय संहितेत ते कलम १०३ आहे. तिथेही कलम ३०२ आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं काढलेल्या उद्गारांबद्दल आहे. जमावबंदीचं १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ झालं. दंड संहितेची ५११ कलमं न्याय संहितेत ३५८वर आली, म्हणजे जवळजवळ प्रत्येक क्रमांक हलला. सदोष मनुष्यवध आणि खून यांतला फरक जुन्या पुस्तकातून समजून घ्यायचा असेल तर जरूर घ्या, तो तर्क तोच आहे. पण क्रमांक पाठ करायचे ते नव्या कायद्याच्या मूळ प्रतीतूनच.

जे विषय टिकतात

इतिहासाचं पुस्तक पंधरा वर्षांचं असलं तरी मी ते पुढच्या फळीवर ठेवते. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३, ती तशीच राहणार. इथे वयापेक्षा छपाईच्या चुका जास्त त्रास देतात, म्हणून दहा-बारा तारखा दुसऱ्या पुस्तकाशी ताडून बघा. दोन-तीन चुकल्या, तर पुस्तक बाजूला.

गणित आणि बुद्धिमत्तेचं तर काहीच बदलत नाही. मराठी व्याकरणातही विशेष नाही, एक जागा सोडून: वर्णमाला. जुन्या पुस्तकांत १२ स्वर आणि एकूण ४८ वर्ण असतात. शासनाच्या २००९च्या निर्णयानं ॲ आणि ऑ वर्णमालेत आले, स्वर १४ झाले, आणि क्ष व ज्ञ धरून एकूण ५२. पुस्तकात कुठला आकडा आहे ते बघून दुसरा शेजारी लिहून ठेवा, कारण प्रश्नात कुठल्या वर्णमालेबद्दल विचारलंय ते आधी वाचावं लागतं.

भूगोल दोन तुकड्यांत बघा. नद्या, मृदा, पर्जन्य, कळसूबाईची १६४६ मीटर उंची, हे जुन्यातून खुशाल करा. जिल्हे मात्र तपासा: १ ऑगस्ट २०१४ला पालघर झाला आणि ३५चे ३६ झाले. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं नकाशावर स्वतःच्या हातानं लिहा. पीक उत्पादनाचे क्रमांक सोडून द्या, ते दरवर्षी हलतात.

विज्ञानात शालेय पातळीचं जवळजवळ सगळं चालतं, फक्त या तीन जागा तपासा. प्लूटो २००६पासून बटुग्रह आहे. २०१६मध्ये चार नव्या मूलद्रव्यांना नावं मिळाली आणि आवर्तसारणीची सातवी ओळ ११८व्या मूलद्रव्यापाशी पूर्ण झाली. किलोग्रॅमची व्याख्या २० मे २०१९पासून प्लांकच्या स्थिरांकावर आहे, प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलावर नाही.

चालू घडामोडींची जुनी मासिकं रद्दीत द्या. त्यावर वेळ घालवू नका.

मजकूर बरोबर, पण साचा जुना

हा मुद्दा राज्यसेवेच्या मुलांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा. २०१२मध्ये मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ झाली, आणि त्यानंतरची बहुतेक सगळी पुस्तकं पर्यायी प्रश्नांसाठी लिहिली गेली: मुद्दे, तक्ते, आकडे, ‘खालीलपैकी कोणते विधान बरोबर’. २०२५च्या मुख्य परीक्षेपासून ती पुन्हा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, १७५० गुण, त्यात निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन. २०१८चं पुस्तक माहितीला चुकीचं नसेल, पण त्यातून दीडशे-अडीचशे शब्दांचं उत्तर उभं राहत नाही. ते पूर्वपरीक्षेसाठी ठेवा.

आणि याच कारणानं कपाटाच्या तळाशी पडलेल्या २००८-०९च्या हस्तलिखित वह्या मी वर काढल्या आहेत. तेव्हाची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होती. त्या वह्यांतले आकडे आज निरुपयोगी आहेत, पण उत्तराची सुरुवात कशी करायची, कारणं आणि परिणाम कसे वेगळे मांडायचे, एका पानात कुठे थांबायचं, हे त्यात स्वच्छ दिसतं. सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांतला नीतिशास्त्राचा पेपर मात्र त्या वह्यांत सापडणार नाही. त्यासाठी यूपीएससीचं जुनं साहित्य चालतं, कारण तिथे हा पेपर २०१३पासून आहे.

गाइडच्या सुरुवातीला असलेली ‘गुणांचं नियोजन’ वगैरे पानंही याच दृष्टीनं वाचा. सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्ये, जास्तीत जास्त गुण मिळवून मेरिट गाठा, हा सल्ला तेव्हा योग्य होता. आता तो पेपर पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के हवेत.

शेवटचा निकाल

शंका राहिलीच तर गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेतले त्या विषयाचे दहा प्रश्न घ्या आणि पुस्तक उघडं ठेवून उत्तरं शोधा. सात-आठ उत्तरं त्यात सापडली आणि अंतिम तालिकेशी जुळली, तर ते तुमचं मुख्य पुस्तक होऊ शकतं. चार-पाच सापडली, तर एखाद्या प्रकरणापुरतं ठेवा. उत्तर सापडलं पण चुकीचं निघालं असं दोनदा झालं, तर ठेवू नका. न सापडलेलं उत्तर तुम्ही दुसरीकडे शोधता, पण चुकीचं मिळालेलं उत्तर तुम्ही खरं धरून पुढे जाता, म्हणून मी त्याला जास्त वजन देते.

दुसऱ्याचं पुस्तक घेताना पानं मोजा, विशेषतः शेवटचं परिशिष्ट आणि घडीचे नकाशे. लोक ते फाडून नेतात. आधीच्या वाचकानं हायलाइट केलेल्या ओळींवर विश्वास ठेवू नका. त्या त्याच्या वेळच्या अभ्यासक्रमासाठी आहेत, आणि रंगवलेल्या ओळीवरून डोळा आपोआप घसरत पुढच्या रंगवलेल्या ओळीवर जातो, मधलं सुटतं. मी अशा वेळी पानावर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचायला सांगते.

दुरुस्त्या पेन्सिलीनंच करा आणि प्रत्येकीपुढे महिना-वर्ष टाका. दुरुस्तीला मूळ पुस्तकापेक्षा जास्त वेळ लागतोय असं दिसलं, तर त्या विषयाचं नवं पुस्तक घ्या. अर्थव्यवस्थेत बहुधा तसंच होतं, इतिहासात कधीच नाही.

जनगणनेच्या पानांवर सध्या एवढंच करा: २०११चे अंतिम आकडे तपासून ठेवा आणि पानाच्या कोपऱ्यात ‘२०२७’ लिहा. नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे येईपर्यंत २०११चंच पान चालेल. आल्यावर आधी तात्पुरते येतील, तेव्हा पेनानं लिहू नका.